छप्पर हाय तवर

गुढीपाडव्याच्या सकाळी सगळं गाव मान वर करून गुढ्या बघत असे आणि हौसामावशी छपरावर बसून कौलं बघत असत. त्या गुढी उभारत नसत असं मात्र नाही. विधवेनं गुढी उभारू नये हा नियम त्यांना माहीत होता. तो त्यांनी ऐकून घेतला होता आणि सोडून दिला होता. आढ्याशेजारी काठी बांधायची, कडुलिंबाचा डहाळा आणि साखरेची गाठी लावायची, हात जोडायचे आणि त्याच हातांनी पहिलं कौल उचलायचं. "गुढीच्या निमतानं वर आलेच हाय, तर बगून घिते," असं त्या म्हणत. हे बघून घेणं पुढे आठ-दहा दिवस चाले.

आमची पहिली भेट पाडव्यालाच झाली, आणि तीही त्या वर, मी खाली अशीच. माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. सदानंदला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, हडपसरच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समनची नोकरी लागली होती आणि मला तिथल्याच एका प्राथमिक शाळेत शिक्षिकेची. गावठाणात एक खोली रिकामी आहे असं कळलं, म्हणून मुहूर्त साधून बघायला गेलो. पुढे मंगलोरी कौलांचं घर, मागे पत्र्याच्या दोन खोल्या, अंगणात कडुलिंब. हाक मारली तर उत्तर वरून आलं. आढ्यावर चाळिशीची एक बाई काष्टा खोचून बसली होती आणि तिच्या हातात कौल होतं.

"खोली बघायला आलो होतो," सदानंद म्हणाला.

"बगा की. दार उगडंच हाय." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आंगूळ केलीया न्हवं?"

शनिवार पेठेत वाढलेल्या मुलीला पाडव्याच्या दिवशी दहा वाजता हा प्रश्न विचारायला धाडस लागतं. "अर्थातच," मी जमेल तितक्या थंडपणे म्हणाले.

"मग ती पाटी उचला. देव हायती. ऊन आलंया तेंच्यावर. आत फळीवर ठिवा."

कडुलिंबाखाली खरंच एक वेताची पाटी होती. तिच्यात लाल फडक्यावर चांदीचे पाच टाक, पितळेचा बाळकृष्ण आणि एक शंख. मी ती उचलून मागच्या खोलीत नेली आणि भिंतीतल्या फळीवर ठेवली. अशा रीतीनं भाडं ठरायच्या आधीच त्यांचे देव आमच्या खोलीत राहायला आले. मग आम्हालाही यावंच लागलं. खोली देताना मावशींनी एकच अट घातली. "भिताडाला खिळं मारा, जमीन उकरा, काय बी करा. पत्र्याच्या नटाला हात लावायचा न्हाई."

आठवड्याभरानं माझे वडील घर बघायला आले. त्यांनी चारी भिंतींवरून, मग पत्र्यावरून नजर फिरवली आणि म्हणाले, "छान आहे. पुढेमागे छत टाकलंत तर राहताही येईल." मावशींनी ते दारातून ऐकलं. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या वडलांस्नी सांगा, पेठंत छत आसतं, पर त्याच्यावर दुसऱ्याची बिऱ्हाडं आसत्यात." वडिलांना उत्तर सुचलं नाही. शनिवार पेठेच्या इतिहासात असे प्रसंग कमी असावेत.

देवांना दर पाडव्याला घर का सोडावं लागे, ते मला हळूहळू कळलं. त्या घराण्यात वाटण्या झाल्या तेव्हा जुनं घर आणि देव धाकट्या भावाकडे आले, म्हणजे मावशींच्या नवऱ्याकडे. थोरले बाबूराव समोरच्या आळीत नवं घर बांधून राहिले. मावशींचे यजमान पोटाच्या दुखण्यानं तिशीतच गेले. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर भावकी बसली आणि बाबूरावांनी सगळ्यांसमोर शब्द टाकला, "बाईमाणूस एकलं. घर जुनं. छप्पर हाय तवर ऱ्हा म्हणावं तिला. ज्या साली छप्पर जाईल, त्या साली मुकाट आमच्यात यायचं."

बाबूराव दुष्ट नव्हते. हे बोलताना आपण मोठी दया करतो आहोत असंच त्यांना वाटत असणार. पण 'आमच्यात यायचं' म्हणजे काय, ते मावशींना पक्कं ठाऊक होतं. गोठ्याशेजारी अंथरूण, दुसऱ्यांची पोरं सांभाळणं, आणि मागोमाग मळ्यातलं अर्धा एकर भाजीचं रानही आपोआप तिकडेच. दाराआड बसून त्यांनी एका म्हातारीकरवी निरोप बाहेर पाठवला, "तेंला सांगा, मान्य हाय." बाबूरावांना वाटलं, वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न आहे. बाईमाणूस छप्पर कसं राखणार?

तेवढ्यावर सोडून दिलं असतं तर ते थोरले कसले. गावात कौलं चाळणारे दोन गडी होते. त्यांना त्यांनी सांगून ठेवलं की आमच्या जुन्या घराचं काम मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. मावशींनी त्या गड्यांच्या मागे दोन दिवस लोकांच्या अंगणातून हिंडून त्यांचे हात बघितले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या घराला शिडी लावली. मग बाबूरावांनी देवांना मधे आणलं. खाली घराण्याचे देव, आणि त्यांच्या डोक्यावर बाईचा पाय? हे चालणार नाही. मावशींनी देव पाटीत घातले, अंगणात नेऊन ठेवले आणि शेजारणीला सांगितलं, "तेंला सांगा, आता देव भाईर हायती. माझ्या पायाखाली नुसती चूल हाय." आम्ही राहायला आल्यावर ही अंगणातली पाटी आमच्या फळीवर आली एवढंच. पाडव्यापासून काम संपेपर्यंत माझ्या तिसरीच्या वह्या आणि त्यांचे कुलस्वामी एका फळीवर नांदत.

'तेंला सांगा' हे नीट सांगितलं पाहिजे. थोरल्या दिराशी भावजयीनं बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर खाली येऊ द्यायचा नाही, ही तिकडची रीत मावशी काटेकोर पाळत. दर सणाला बाबूराव देवाला नैवेद्य घेऊन येत. तीन हातांवर दोघं उभी असत आणि मधे मी. "बाई, तेंला सांगा, दिव्यात त्याल घातलंया." "बाई, तिला म्हणावं, वात मोठी कर." मी काही सांगत नसे, नुसती उभी असे, दोघांना तेवढं पुरे. एकदा मी शाळेत होते तेव्हा त्यांनी हेच संभाषण कोंबडीला मधे घालून केलं होतं, असं सदानंद सांगे. मी एकदा मावशींना विचारलं की, छपरावर चढता, गुढी उभारता, मग हीच रीत का पाळता?

"ती मोडून मला काय मिळणार हाय?" त्या म्हणाल्या. "जे मोडल्याबिगर निभत न्हाई, तेवढंच मोडावं. समदंच मोडत सुटलं तर माणूस दमतं."

आता त्यांच्या छपराबद्दल. पुण्याकडचा पाऊस सरळ स्वभावाचा. छप्पर त्याला फारसं भीत नाही. भीती वळवाची. चैत्र-वैशाखात दुपार तापत तापत जाते आणि तीन-चारच्या सुमाराला असा वारा सुटतो की झाडं मुळापासून हलतात. सगळं गाव अक्षय तृतीया झाली की छपराकडे बघायला लागे. मावशी पाडव्यालाच सुरुवात करत. "वळीव काय पंचांग बगून येतोय व्हय?" असं विचारत. आणि गाव जे करी ते त्या करत नसत. गावात पत्र्यांवर वजन ठेवायची पद्धत होती. दगड, फुटकं जातं, जुने टायर, एका घरावर तर मोडका नांगर होता. मावशींच्या पत्र्यांवर खडासुद्धा नसे. "वारा वजनाला भीत न्हाई. गाठीला भितो," त्या म्हणत. "दगुड ठिवून काय हुतंय? वारा पत्रा उचलतोय आन दगुड लोकाच्या डोस्क्यात घालतोय."

हे शहाणपण मार्केट यार्डातलं. आठवड्यातून तीनदा मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या टेंपोत घालून त्या तिकडे जात. माल विकून झाला की परतीचा टेंपो भरेपर्यंत वेळ असे. तो वेळ त्या ट्रक बांधणाऱ्यांकडे बघण्यात घालवत. मेहबूबभाई म्हणून तिथे एक मुकादम होते. त्यांच्या हाताखाली बांधलेली ताडपत्री घाटात कधी फडफडली नाही अशी त्यांची कीर्ती. मावशींनी त्यांना विचारलं की, एवढ्या वाऱ्यात ही ताडपत्री उडत कशी नाही? ते म्हणाले, "ताई, वारा वरून मारत नाही. खालून शिरतो. त्याला शिरायला जागा द्यायची नाही, आणि दोर आडवा-उभा दोन्ही टाकायचा." मग त्यांनी ती गाठ शिकवली, जी ओढली की घट्ट होते आणि एका झटक्यात सुटते.

त्या वर्षापासून मावशींच्या घरावर दोरांचं जाळं आलं. भिंतीत लोखंडी कड्या गाडल्या. त्यांतून काथ्याचे जाड दोर आढ्यावरून पलीकडे नेले, पुन्हा त्यांवर आडवे. वळचणीच्या कौलांच्या दोन ओळी तारेनं खालच्या रिपांना आवळल्या. मागच्या पत्र्यांचे नट दर साली उघडून, तेल घालून, स्वतःच्या हातानं पिळले. गावानं घराचं नाव 'हौसाचा ट्रक' ठेवलं. येता-जाता माणसं विचारत, "काय मावशे, कवा सुटतोय ट्रक?" मावशी वरूनच सांगत, "तुमचं घर उडालं की सुटंल. सामान भरून आणाया लागंल न्हवं?" मेहबूबभाई एकदा मुद्दाम बघायला आले. अंगणात उभं राहून त्यांनी एक दोर दोन्ही हातांनी ओढून बघितला आणि म्हणाले, "हा आता खंबाटकीचा घाट चढेल." कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा मावशींना ते मोठं वाटलं, पुढे कितीतरी दिवस त्या हे वाक्य कामाला लागल्या की स्वतःशी म्हणत.

आमचं तिथलं चौथं वर्ष असेल. त्या साली चैत्र फार तापला. पत्र्याखाली दुपारी बसवेना, रात्री झोपवेना. माझे दिवस भरत आले होते आणि मी चिडचिड करून घर डोक्यावर घेत होते. सदानंदनं शेवटी कागद घेतला आणि खोलीचा नकाशा काढून त्यात बाण दाखवले. गरम हवा वर जाते. तिला वर वाट दिली की खालून गार हवा येते. मागच्या बाजूचे दोन पत्रे चार बोटं उचलले की काम झालं. नकाशा सुरेख होता. मी म्हणाले, "मावशींना विचार." तो म्हणाला, "त्या नाही म्हणतील." हे अगदी खरं होतं, म्हणून आम्ही विचारलं नाही. मावशी मार्केट यार्डात गेल्या होत्या तेव्हा त्यानं नट सैल केले आणि पत्र्यांखाली लाकडाचे दोन ठोकळे सरकवले. स्टूल मी धरलं होतं. त्या रात्री आम्ही कित्येक रात्रींनी शांत झोपलो.

पाचव्या दिवशी दुपारी मी सकाळची शाळा करून घरी आले होते. सदानंद कारखान्यात, मावशी मळ्यात. पुढच्या छपराचं काम जवळजवळ झालं होतं, पण आढ्यावरच्या कोन्यांचा चुना वाळायचा होता, म्हणून देव अजून आमच्या फळीवर होते. दिवेघाटाच्या बाजूनं आभाळ मातकट झालं. धूळ आली, कडुलिंब एका अंगाला झुकला आणि डोक्यावर पत्रा थरथरायला लागला. तेव्हा मला ठोकळे आठवले. मी स्टूल ओढलं, पण त्या अवस्थेत चढणार कशी? पहिल्यांदा पत्रा करकरला, मग कोणीतरी लाथ मारावी तसा आवाज झाला आणि जिथे पत्रा होता तिथे आभाळ दिसायला लागलं. दुसरा त्याच्या मागोमाग गेला. वह्या उडाल्या. मी देवांची पाटी छातीशी धरली आणि टेबलाखाली शिरले. वरून गारा आणि पाणी दोन्ही येत होतं.

वारा पडला तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या, चिखलानं माखलेल्या. मळ्यातून पळत आल्या होत्या. त्यांनी आधी वर बघितलं, मग जमिनीवर. त्यांच्या पायाशी ठोकळा पडला होता. तो त्यांनी उचलला, उलटापालटा करून बघितला आणि फळीवर ठेवला.

"देव?" त्यांनी विचारलं.

"माझ्याजवळ आहेत."

"आन तुमी?"

"मीही आहे. मावशी, ते नट आम्ही—"

"दिसलं," त्या म्हणाल्या. "निगा भाईर. पुढच्या घरात चला. कोरडं नेसा आदी."

पुढचं घर खडखडीत कोरडं होतं. एक कौल हललं नव्हतं. पण मला रडू आवरेना, कारण ती भावकीतली अट मला माहीत होती आणि गावालाही. छप्पर गेलं की नाही, हा प्रश्न उद्या बाबूराव विचारणार होते, आणि त्याचं उत्तर आमच्या खोलीतून आभाळ दाखवत होतं. एका बाईनं बारा वर्षं एकटीनं राखलेलं घर आम्ही गार हवेसाठी घालवलं होतं. सदानंद आला तेव्हा त्यानं ते भगदाड बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

सकाळी उठले तर मावशी वर. आढ्यावर, गुढी बांधतात त्याच जागी, दोन्ही हातांत एकेक दोर धरून बसलेल्या. मागचा एक पत्रा उसाच्या फडात सापडला होता, दुसरा अजून नव्हता. आठच्या सुमाराला बाबूराव आले. सोबत भावकीतले सर्वांत म्हातारे तात्या, ज्यांच्यासमोर तो शब्द झाला होता, आणि आणखी चार माणसं. मागे बघे होतेच.

बाबूरावांनी घराला फेरी मारली, मागची खोली बघितली, अंगणात आले आणि सवयीनं माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "बाई, तिला सांगा, खाली उतर. छप्पर गेलं. शब्द म्हंजे शब्द. भांडीकुंडी न्यायला गडी आणल्याती."

मी पुढे झाले. "तात्या, चूक आमची आहे. नट आम्ही—"

"बाई, तुमी गप ऱ्हावा," वरून आवाज आला. "पत्रा माझा हाय."

मग मावशींनी मान वळवली आणि सरळ बाबूरावांकडे बघितलं. पदर कमरेला खोचलेला होता. डोकं उघडं होतं, हात दोरांत गुंतले होते.

"दादा," त्या म्हणाल्या, "छप्पर गेलं म्हणतासा. मग मी बसलीया कशावर?"

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्या बाबूरावांशी बोललेला हा पहिला शब्द होता. बाबूराव इतके गोंधळले की त्यांनी उत्तर मला दिलं. "मागलं दोन पत्रं गेल्याती."

"गेल्याती. सांजच्याला बसतील," मावशी म्हणाल्या. "बारा सालं झाली. एका साली तुमी इचारलं न्हाई, हौसा, शिडी धरू का. गडी बंद केलं माझं. देव आडवं घातलं. मी देवास्नी बी हलीवलं, पर घर सोडलं न्हाई. आता बी सोडणार न्हाई. मी खाली येणार न्हाई. उतरवायची आसंल तर शिडी तिथं हाय. वर या आन धरून न्या."

आणि इथे बाबूराव अडकले. थोरल्या दिरानं भावजयीच्या अंगाला हात लावायचा नसतो. ते स्वतः तिला धरू शकत नव्हते, आणि भावकीतल्या बाईला परक्या गड्यानं हात लावलेला त्यांना चालला नसता. जी रीत मावशींनी लग्नापासून पाळली होती, ती आता त्यांच्या उपयोगाला आली होती. बाबूरावांनी शिडीकडे बघितलं, छपराकडे बघितलं, मग तात्यांकडे.

तात्यांनी पागोट्याखाली डोकं खाजवलं. त्यांच्या स्वतःच्या गोठ्याचं छप्पर आदल्या दिवशी दगडांसकट शेजाऱ्याच्या विहिरीत गेलं होतं. ते म्हणाले, "बाबू, बाई छपरावर बसलीया. छप्पर न्हाई आसं मी कसं म्हणू? मला अजून दिसतंय."

मागे कोणीतरी हसलं. बाबूराव निघून गेले. गडीही गेले, त्यांपैकी एक मात्र तासाभरानं परत आला आणि दुसरा पत्रा ओढ्यात अडकलाय हे सांगून गेला.

मावशी संध्याकाळपर्यंत खाली उतरल्या नाहीत. भाकरी मी शिडीवरून वर दिली. दोन्ही पत्रे सदानंदनं वाहून आणले, ठोकून सरळ केले आणि त्या सांगतील तसे बसवले. नट मात्र त्यांनी स्वतः पिळले. मग त्याला ती ट्रकवाल्यांची गाठ वीस वेळा घालायला लावली आणि एकविसाव्यांदा बरोबर आल्यावर म्हणाल्या, "जीव उकडला तर मानसानं आंगणात झोपावं. पोथी वाचून पत्रं उचलू नयेत." त्या प्रकरणावर त्या एवढंच बोलल्या. पुढे माझी मुलगी त्याच पत्र्याखाली महिन्याची झाली, दोन वर्षांची झाली, पण त्या ठोकळ्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. तो फळीवरच असायचा, पाडव्याला देवांशेजारी. फेकायला त्यांनीही सांगितलं नाही आणि आम्हीही धजलो नाही.

बाबूरावांशी त्या पुन्हा बोलल्या नाहीत. पुढच्या सणाला पदर पुन्हा डोक्यावर आला आणि 'बाई, तेंला सांगा' सुरू झालं. मला वाटलं होतं, एकदा तोंड उघडलं म्हणजे आता उघडंच राहील. पण त्यांचं काम झालं होतं.

मुलगी शाळेत जायला लागल्यावर आम्ही हडपसरमध्येच एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. डोक्यावर खरंच दुसऱ्यांचं बिऱ्हाड आलं. पाडव्याला मात्र मी जुन्या घरी जात असे, देवांसाठी. मधल्या काळात बाबूरावांची मुलगी मंदा नवऱ्यानं टाकली म्हणून परत आली. भावांच्या घरात तिला जागा होईना. दोन्ही भावजया तोंडावर बोलत आणि बाबूराव खाली बघत. मी त्या दिवशी तिथे होते. मावशी दारातून म्हणाल्या, "बाई, तेंला सांगा, पोरगी माझ्याकडं ऱ्हाईल. छप्पर हाय." बाबूरावांनी मान हलवली. मंदा शिलाईचं मशीन घेऊन आली आणि आमच्या रिकाम्या खोलीत राहिली.

सगळ्यांना वाटे, हौसामावशी एक दिवस छपरावरूनच पडून जाणार. त्या गेल्या त्या फाल्गुनात, तापानं, खाटेवर. वय सत्तरीच्या पुढे. आदल्या दिवशी मी भेटायला गेले तर डोळे छपराकडे लावून पडल्या होत्या. मला वाटलं, आता देवाचं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "तिसऱ्या वाश्याजवळ एक कौल सरकलंया. मंदीला सांगा." मला तिथे काहीच दिसलं नाही. मंदाला मात्र दिसलं.

महिन्याभरानं पाडवा आला. घरात दुखवट्याचं वर्ष, गुढी नसणार, हे मला माहीत होतं. तरी पाय तिकडे वळले. गावठाण आता ओळखू येत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार मजले झाले आहेत आणि मधे ते एक कौलारू घर दोरांनी आवळलेलं उभं आहे. अंगणात आले तर आढ्यावर मंदा, साडी खोचलेली, हातात कौल. गुढी नव्हती.

खाली कडुलिंबाच्या सावलीत बाबूराव बसले होते. नव्वदीला टेकलेले, पाय पसरून, पाठ खोडाला. मांडीवर वेताची पाटी होती आणि तिच्यात लाल फडक्यावर पाच टाक, बाळकृष्ण, शंख. दोन्ही हातांनी त्यांनी ती धरली होती.

"दादा, तुम्ही?" मी म्हणाले.

"मंदी म्हणली, बाई येईस्तवर धरा." त्यांनी वर बघितलं. मंदा एक दोर ओढून बघत होती. "तिला म्हणलं, मागलं नट बी बग. पत्र्याचं." पाटीतलं फडकं त्यांनी नीट केलं.

"चाळीस सालं समोरासमोर काढली," ते म्हणाले. "माझ्यासंगट एकदाच बोलली. ते बी छपरावरनं."

मी खाली बसले. त्यांनी पाटी उचलून माझ्याकडे केली.

"धरा जरा, बाई. सकाळधरनं बसलोय. लई जड आसत्यात देव."

मी आंघोळ केली आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. मी पाटी घेतली आणि ते खोडाचा आधार घेत, हळूहळू, शिडी धरायला गेले.